मोरचूद, चुना आणि गंधक: दोन जुनी औषधं नीट कशी बनवावीत

शेतातली कीड आणि रोग आवरण्यासाठी माणसाने आजवर जे जे वापरलं, त्यातलं बरंचसं आता हद्दपार झालं आहे. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्यासाठी अमेरिकेत १८६७ च्या सुमारास वापरात आलेलं पॅरिस ग्रीन गेलं. १८९२ पासून अळ्यांवर मारलं जाणारं लेड आर्सेनेट गेलं. १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी ज्याची कीटकनाशक शक्ती ओळखली आणि ज्यासाठी १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते डीडीटीही शेतातून गेलं. गंधक मात्र सुमेर संस्कृतीपासून, म्हणजे साडेचार हजार वर्षांपासून वापरात आहे, आणि तांब्याचं बोर्डो मिश्रण १८८५ पासून. दोन्ही आजही बुरशीवर काम देतात.

याचं कारण त्यांच्या मारण्याच्या पद्धतीत आहे. नवी बुरशीनाशकं बहुधा बुरशीच्या पेशीतल्या एखाद्याच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात, त्यामुळे एका जनुकातला बदल बुरशीला वाचवू शकतो. तांबं आणि गंधक एकाच वेळी पेशीतल्या अनेक प्रथिनांची कामं बिघडवतात. इतक्या सगळ्या वाटा एकदम बंद झाल्यावर बुरशीला निसटणं फार कठीण जातं. (जिवाणूंची गोष्ट वेगळी. पानांवरचे ठिपके पाडणाऱ्या काही जिवाणूंमध्ये तांब्याला न जुमानणारे प्रकार तयार झाले आहेत.)

ही दोन्ही औषधं स्वतः बनवता येतात. पण दोन्हींमध्ये बिघाड होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि बिघडलेलं औषध एकतर पान जाळतं, नाहीतर काहीच करत नाही. आपल्या भागात स्वतः बनवलेली औषधं फवारायला परवानगी आहे का, एवढं आधी पाहून घ्या.

बोर्डो मिश्रण

१८७८ मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, पहिल्यांदा दिसला. तो अमेरिकेतून आला होता. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांना मेडॉक भागात एक गोष्ट दिसली. बाकीच्या वेलींची पानं झडली होती, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या होत्या. येणाजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं निळसर मिश्रण शिंपडलेलं होतं. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्यासोबत प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती जाहीर केली. तिच्यात १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना होता. ते इतकं घट्ट होतं की कुंच्याने शिंपडावं लागे. पुढे प्रयोगांती प्रमाण बरंच खाली आलं. आज सर्वसाधारण फवारणीसाठी १ टक्का पुरतो.

१०० लिटरसाठी साहित्य:

मोरचूद १ किलो. खडे गडद निळे असावेत. पांढुरका भुगा असेल तर स्फटिकातलं पाणी उडालेलं असतं आणि वजनात तांबं जास्त येतं.

कळीचा चुना १ किलो, म्हणजे भट्टीतून आलेले, पाणी न लागलेले खडे. तो नसेल तर विरलेल्या चुन्याची कोरडी, ताजी पूड १.३ किलो.

प्लास्टिकचे, लाकडाचे किंवा मातीचे दोन मोठे पिंप आणि शक्य असेल तर तिसरा. लोखंड किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं मोरचुदाला चालत नाही. तांबं द्रावणातून निघून भांड्याच्या अंगावर बसतं आणि भांड्याचं लोखंड द्रावणात उतरतं. औषध पातळ होतं आणि भांडंही जातं.

मोरचूद आदल्या रात्री भिजवा. विरळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ५० लिटर पाण्यात अगदी वरच्या भागात लोंबकळत ठेवा. विरघळलेलं द्रावण जड असल्यामुळे खाली उतरतं आणि पुरचुंडीभोवती सतत कोरं पाणी येत राहतं, त्यामुळे ढवळावं लागत नाही. तळाशी टाकलेले खडे स्वतःच्याच दाट द्रावणात पडून राहतात आणि सकाळपर्यंत अर्धेच विरघळतात.

चुना विरवताना घाई करू नये. खडे बादलीत घेऊन त्यावर थोडं थोडं पाणी शिंपडा. खडे तापतात, फुटतात, वाफ येते. पाण्याचा वेग त्या उष्णतेवर ठरवा. एकदम भरपूर गार पाणी ओतलं की चुना 'बुडतो', उष्णता विझते आणि मध्ये कच्चे खडे राहतात. पाणी फारच कमी पडलं तर तो करपून रवाळ होतो. दोन्ही वेळा शेवटी नोझल तुंबतं. लोण्यासारखा लगदा झाला की हळूहळू पाणी वाढवत ५० लिटर करा आणि दाट फडक्यातून गाळा. या वेळी डोळ्यांना चष्मा हवाच. उकळता चुना डोळ्यात उडाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

दोन्ही द्रावणं पूर्ण गार होऊ द्या. गरम चुन्यात मोरचूद पडलं की निळ्या साक्याचे (मिसळल्यावर तयार होणाऱ्या, न विरघळणाऱ्या गाळाचे) कण मोठे होतात आणि तळाशी बसतात.

मग मिसळण्याची पाळी. सगळ्यात चांगलं म्हणजे दोन माणसांनी दोन्ही द्रावणं एकाच वेळी सारख्या धारेने तिसऱ्या पिंपात ओतावीत आणि तिसऱ्याने लाकडी काठीने ढवळत राहावं. माणसं कमी असतील तर चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं द्रावण बारीक धारेने सोडा. उलट केलं तर मिश्रण जवळजवळ शेवटपर्यंत आम्ल राहतं आणि हिरवट, रवाळ साका तयार होतो. तो पानाला चिकटत नाही. चुन्यात मोरचूद ओतलं की मिश्रण सतत अल्कधर्मी राहतं आणि आकाशी रंगाचा, जेलीसारखा मऊ साका मिळतो. औषध म्हणजे तोच साका. मोरचूद आणि चुना प्रत्येकी १०–२० लिटरमध्ये दाट भिजवून ते थेट एकत्र करण्याचा मोह होतो, पण त्यात साका गोळा होतो आणि नंतर कितीही पाणी घातलं तरी मोकळा होत नाही. आधी पातळ करा, मग मिसळा.

चाचणी टाळू नका. साधा लोखंडी खिळा किंवा जुन्या विळ्याचं पातं घासून चकचकीत करा आणि मिश्रणात मिनिटभर बुडवा. स्टेनलेस स्टीलवर ही चाचणी होत नाही. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे आणि ते पान जाळणार. वेगळं बनवलेलं चुन्याचं पाणी थोडं थोडं घाला आणि पातं पुन्हा घासून पुन्हा बुडवा. लिटमस कागद असेल तर तांबडा कागद निळा व्हायला हवा, म्हणजे सामू ७ च्या वर आहे.

इथे एक हिशेब माहीत असलेला बरा. रसायनशास्त्राप्रमाणे १ किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना सुमारे २२५ ग्रॅमच लागतो. आपण चौपटीहून जास्त घेतो, तरीही चाचणी फसली तर दोष जवळजवळ नेहमी चुन्याचा असतो. उघड्यावर पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा होतो. तो दिसायला चुनाच, पण त्यात दम उरलेला नसतो. पाणी टाकल्यावर जो तापत नाही तो कळीचा चुना वापरू नका.

मिश्रण त्याच दिवशी संपवा. रात्रभर राहिलं की मऊ साक्याचे स्फटिक होतात, चिकटपणा जातो आणि नोझल अडतं. मोरचुदाचं आणि चुन्याचं वेगवेगळं द्रावण झाकून ठेवलं तर टिकतं, मिसळलेलं टिकत नाही. काचेच्या बरणीत थोडं मिश्रण ठेवून पाहा. अर्ध्या तासात वर स्वच्छ पाण्याचा जाड थर दिसला तर कण मोठे झाले आहेत.

फवारणी कधी, हा प्रश्न प्रमाणाइतकाच महत्त्वाचा आहे. बोर्डो बरं करत नाही, राखण करतं. पानावरच्या थरातून दव, पाऊस आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तांबं अगदी सावकाश सुटतं आणि रुजू लागलेल्या बीजाणूला मारतं. बुरशीचा धागा एकदा पानाच्या आत शिरला की तांबं तिथे पोचत नाही. म्हणून फवारणी पावसाच्या आधी हवी, आणि पाऊस येण्यापूर्वी ती पूर्ण सुकायला हवी. केवड्याची वाढ पानाच्या खालून दिसते आणि त्याचा शिरकावही मुख्यतः तिथूनच होतो, त्यामुळे नोझल खालून वर धरून पानाची पाठ भिजवावी लागते. नवी पालवी फुटली की तिच्यावर औषध नसतं. जोराच्या वाढीच्या काळात बोर्डो कमी पडतं ते याच कारणाने, आणि प्रमाण वाढवून त्यावर इलाज होत नाही.

ढगाळ, गार हवेत थर तासन्‌तास ओला राहतो आणि पान करपतं. पीच, आलुबुखार यांच्या पानांना तांबं सोसत नाही, त्यामुळे त्यांच्यावर ते पानगळीत मारतात. अल्कधर्मी असल्यामुळे बोर्डोत दुसरी कीटकनाशकं मिसळू नयेत. बरीच त्यात फुटून निकामी होतात.

खोडावरच्या जखमा आणि छाटणीच्या कापांसाठी १० टक्क्यांचा मलम करतात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि सगळं मिळून १० लिटर पाणी. तो ब्रशने लावायचा असल्यामुळे थोडा रवाळ झाला तरी चालतो.

तांब्याचा हिशेब ठेवा. मोरचुदात तांबं साधारण २५ टक्के असतं, म्हणजे १ टक्का बोर्डोच्या १०० लिटरमध्ये सुमारे २५० ग्रॅम. हेक्टरी ५०० लिटर फवारलं तर एका फवारणीत सव्वा किलो तांबं जमिनीकडे जातं, आणि ते कुजत नाही, उडून जात नाही. युरोपातल्या जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत शतकभराचं तांबं साठलेलं आहे. गांडुळांना ते बाधतं. युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. वर दिलेल्या हिशेबाने वर्षाची ही सरासरी तीन फवारण्यांतच जवळपास गाठली जाते.

फवारणाऱ्यासाठीही काळजी आहे. वर्षानुवर्षं बोर्डो मारणाऱ्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या फुप्फुसांचा आजार १९६९ मध्ये पोर्तुगालमध्ये नोंदवला गेला. औषध जुनं आणि ओळखीचं आहे म्हणून तोंडावरचा मास्क काढू नका.

चुना-गंधक द्रावण

हे औषध मेंढ्यांच्या खरजेवरही वापरलं जात असे. १८५२ मध्ये व्हर्साय इथे ग्रिझों यांनी गंधक आणि चुना उकळून द्राक्षाच्या भुरीवर, म्हणजे पावडरी मिल्ड्यूवर, वापरलं. पुढे १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात ते सॅन होजे खवल्यावर, म्हणजे फळझाडांना चिकटून राहणाऱ्या एका खवले किडीवर, चाललं. भुरी, कोळी (माइट) आणि खवले कीड या तिन्हींवर ते लागू पडतं.

१० लिटरसाठी गंधकाची बारीक पूड २ किलो आणि कळीचा चुना १ किलो लागतो. इथे लोखंडी भांडं चालतं, तांबं, पितळ आणि ॲल्युमिनिअम चालत नाही. भांडं किमान २० लिटरचं घ्या, कारण फेस जोरात वर येतो. काम उघड्यावरच करा.

गंधक पाण्यात भिजत नाही, वर तरंगतं. आधी थोड्या गरम पाण्यात चिमूटभर साबण घालून त्याचा लगदा करा. भांड्यात ३ लिटर गरम पाणी घेऊन त्यात चुन्याचे खडे एकेक करून सोडा. ते खदखदू लागले की गंधकाचा लगदा घाला. मग पाणी १० लिटरपर्यंत नेऊन काठीवर पातळीची खूण करा आणि जोराने उकळा. उडालेलं पाणी खुणेपर्यंत गरम पाण्यानेच भरत राहा. गार पाण्याने उकळी मोडते.

रंग आधी पिवळा, मग नारिंगी, मग गडद तांबूस तपकिरी होतो. ४५ ते ६० मिनिटांत पिवळं गंधक दिसेनासं झालं की विस्तव काढा. 'अजून थोडं उकळू' म्हणून पुढे गेलात की जी पॉलिसल्फाइडं हवी असतात तीच फुटतात आणि तळाचा गाळ हिरवट दिसू लागतो. गार झाल्यावर वरचं तांबूस द्रावण अलगद काढून गाळून घ्या. हवेने ते खराब होतं, म्हणून प्लास्टिकच्या कॅनमध्ये अगदी तोंडापर्यंत भरा. अर्धा कॅन उरला तर वर खाद्यतेलाचा पातळ थर सोडा.

पातळ किती करायचं, ते हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने, ठरवा. घरी बनवलेलं प्रत्येक खेपेला सारखं उतरत नाही. नीट उकळलं असेल तर ते साधारण २५ बोमेच्या (हायड्रोमीटरवरच्या एका मापाच्या) आसपास येतं, म्हणजे विशिष्ट घनता १.२०८. पानगळ झालेल्या झाडांवरच्या खवल्यासाठी घनता १.०३ हवी, पानं असताना १.००५. द्रावणाच्या घनतेतून १ वजा करा, हव्या असलेल्या घनतेतून १ वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि उत्तरातून १ काढा. एक लिटर द्रावणात तेवढे लिटर पाणी घालायचं. इथे ०.२०८ भागिले ०.०३ म्हणजे सुमारे ७, त्यातून १ गेला की ६ लिटर. पानं असताना तोच हिशेब सुमारे ४० लिटर येतो. या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर एकही पान शिल्लक राहणार नाही.

तापमान ३० अंशांच्या वर असेल तेव्हा फवारू नका. गंधक गरमीत जोरात वाफाळतं आणि पान भाजतं. फार गारव्यात ते पुरेसं वाफाळत नाही आणि भुरीवर असर कमी पडतो. खनिज तेलाची फवारणी आणि गंधक यांच्यात किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

सगळ्यात धोक्याची जागा पंप धुताना येते. बोर्डोचा निळा थर व्हिनेगरने सुटतो, त्यामुळे तीच सवय चुना-गंधकाच्या पंपालाही लागते. चुना-गंधकाला आम्ल लागलं की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो आणि तो बंद जागेत माणूस मारतो. हा पंप फक्त साध्या पाण्याने, भरपूर वेळा धुवा. एकाच पंपाने दोन्ही औषधं मारायची असतील तर मधली धुलाई आणखी काळजीने करा, नाहीतर आत काळा कॉपर सल्फाइड बसतो.

औषध लागू पडलं नाही तर

१९१४ मध्ये ए. एल. मेलँडर यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदाच्या बागा तपासून एक प्रश्न छापला: फवारणीला कीटक प्रतिकार करू लागतात का? काही बागांत नेहमीच्या तीव्रतेच्या चुना-गंधकाने सॅन होजे खवला मरत नव्हता. बुरशी जिथे अडकते तिथून कीटक निसटू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं. डीडीटीच्या बाबतीत तर घरमाशीने १९४६–४७ मध्येच ते दाखवून दिलं.

पण फसलेल्या प्रत्येक फवारणीचं खापर प्रतिकारावर फोडणं चूक आहे. आधी साध्या गोष्टी तपासा. पाण्याचा थेंब पडला की रंग बदलणाऱ्या कागदाचे तुकडे पानांच्या दोन्ही बाजूंना पिनेने लावून नुसत्या पाण्याची फवारणी करा. पाठीचा कागद कोरा राहिला तर दोष फवारणीचा. पंपाची मोजणी करा. १०० चौरस मीटरवर नेहमीच्या चालीने पाणी मारून किती लिटर गेलं ते पाहा आणि १०० ने गुणा, म्हणजे हेक्टरचा आकडा मिळेल. पाण्याचा सामू पाहा.

तिसरी शक्यता लोक विसरतात, ती म्हणजे औषधाने राखणदारच मारले. १८८८–८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संत्र्याच्या बागा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या व्हेडालिया या ढालकिड्याने खवल्यापासून वाचवल्या होत्या. १९४० च्या दशकात तिथे डीडीटी मारलं आणि ढालकिडे मेल्याने तोच खवला पुन्हा उसळला. गंधकही किडी खाणारे परभक्षी कोळी आणि ट्रायकोग्रामा या किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या गांधीलमाशीला मारतं. म्हणून भुरी नसताना 'खबरदारी' म्हणून गंधक मारत राहिल्यास लाल कोळी वाढू शकतो. खवल्यासाठी पानगळीतला काळ निवडण्यामागेही हेच आहे, तेव्हा झाडावर मित्रकीटक कमी असतात.

हे सगळं ठीक असेल, तरच प्रतिकाराचा विचार करा. दोन-तीन झाडांवर ताजं औषध अचूक मात्रेत, पान दोन्ही बाजूंनी भिजेल असं मारा. आधी १०० किडी मोजा आणि औषधाच्या स्वभावानुसार तीन ते सात दिवसांनी पुन्हा मोजा. शेजारची दोन झाडं न फवारता ठेवा, नाहीतर पावसाने किंवा मित्रकीटकांनी मेलेल्या किडींचं श्रेय औषधाला जाईल. पूर्ण भिजूनही पुष्कळ किडी जिवंत असतील तर मात्रा वाढवू नका, गट बदला. गट म्हणजे कृतीचा प्रकार, ब्रँड नव्हे. सायपरमेथ्रीन सोडून डेल्टामेथ्रीन घेतलं तर काहीच बदलत नाही, दोन्ही आयआरएसीच्या (कीटकनाशकांचे कृतीनुसार गट पाडणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) ३-ए गटातली. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम दोन्ही ४-ए मधली. स्पिनोसॅड ५ मध्ये आणि क्लोरँट्रानिलिप्रोल २८ मध्ये येतं. एका पिढीवर एक गट आणि पुढच्या पिढीवर दुसरा, असा क्रम ठेवा. पिढी किती दिवसांची हे किडीवर आणि तापमानावर ठरतं, त्यामुळे दिनदर्शिकेपेक्षा सापळ्यात सापडणाऱ्या पतंगांची चढ-उतार पाहून गट बदलणं जास्त भरवशाचं.